ऑर्किडची कुंडीमुक्ती

महेंद्रराव ओव्हाळांनी कुंडी फोडली तेव्हा करुणाबाई समोरच्या साखरबाईंकडे विरजण मागायला गेल्या होत्या. दौंडात विरजण मागून परत यायला किती वेळ लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना सांगायला नको की तेवढ्यात माणूस एक कुंडी काय, आख्खी बाल्कनी पाडू शकतो.

वास्तविक फोडायचं असं काही ठरलं नव्हतं. ठरलं होतं ते झाड सोडवायचं. कुंडीत एक भलंमोठं ऑर्किड होतं. पट्ट्यासारखी जाड पानं, एकमेकांना बिलगलेले फुटवे, आणि काठावरून, बुडाच्या भोकांतून, जिथून वाट मिळेल तिथून बाहेर आलेली पांढुरकी मुळं. लांबून पाहिलं तर कुंडीला दाढी आल्यासारखी दिसायची. करुणाबाईंच्या शाळेतल्या ललिताबाई निवृत्त होऊन गावी निघाल्या तेव्हा त्यांनी ते करुणाबाईंच्या हातात दिलं होतं. ललिताबाईंकडे दर वैशाखात त्याला हातभर लांब, पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा तुरा यायचा. ओव्हाळांकडे पहिल्या वर्षी आला आणि मग आलाच नाही. करुणाबाई तरीही रोज सकाळी शाळेला जाण्याआधी त्याची पानं ओल्या फडक्यानं पुसायच्या. इतक्या मायेनं त्यांनी कधी नवऱ्याचा चष्मा पुसला नव्हता, पण ते असो.

"जागा मानवली नसेल त्याला," असं त्या एकदा सहज म्हणाल्या. महेंद्ररावांना ते लागलं. कारण जागा त्यांनी निवडली होती. पूर्वेची बाल्कनी, पहिला मजला, स्टेशन जवळ पण गाड्यांचा आवाज कानात बसत नाही एवढं लांब. या जागेत न मानवण्यासारखं काय होतं?

त्यातून ते पडले कुरकुंभच्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. त्या वर्षी कंपनीला आयएसओ मिळवायचं होतं. कँटीनपासून संडासापर्यंत सगळीकडे 'मूळ कारण शोधा' अशा पाट्या लागल्या होत्या. महेंद्ररावांनीही शोधलं. रविवारच्या पुरवणीत त्यांना एक लेख सापडला. ऑर्किड हे जमिनीतलं झाड नव्हेच. जंगलात ते दुसऱ्या झाडाच्या खोडाला धरून राहतं. त्याच्या मुळांना माती नको, हवा हवी. म्हणजे मूळ कारण खरोखरच मुळात होतं! ललिताबाईंनी आणि त्यांच्यामागून करुणाबाईंनी त्या बिचाऱ्या झाडाला इतकी वर्षं कोठडीत घातलं होतं. आता एका जाड लाकडावर ते बांधायचं, लाकूड बाल्कनीत टांगायचं, की झालं.

"बांधा की," करुणाबाई म्हणाल्या, "पण आधी लाकूड तरी आणा."

हे वाक्य महेंद्ररावांनी ऐकलं होतं. पण रविवार होता, चहा चांगला झाला होता आणि करुणाबाई विरजण आणायला गेल्या होत्या. त्यांनी आधी झाड सोडवायला घेतलं. मुळं कुंडीला आतून अशी चिकटली होती की जणू कुंडी त्यांच्या नावावर होती. महेंद्ररावांनी कडेनं सुरी फिरवली, कोमट पाणी सोडलं, कुंडी आडवी धरून थोपटली. शेवटी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. अगदी हलक्या हातानं मारला, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

"काय फुटलं?" खालून आवाज आला. हे तळमजल्यावरचे शंकरराव. रेल्वेत रूळ तपासण्यात उभी नोकरी गेलेली, आणि निवृत्तीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यामुळे इमारतीत कुठंही ठक् झालं की त्यांना कान टवकारायची सवय होती.

"काही नाही! चाललंय!" महेंद्रराव म्हणाले.

करुणाबाई विरजणाची वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आधी खापऱ्यांकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग वरवंट्याकडे, आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याकडे. महेंद्ररावांनी मुळांना हवा लागते याविषयी बोलायला सुरुवात केली. करुणाबाईंनी ते पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, "ते जगलं पाहिजे. बाकी मला काही माहीत नाही." आणि वाटी घेऊन आत गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडण्यावर उत्तर देता येतं.

झाड बादलीत आणि बादली न्हाणीत, अशी तात्पुरती सोय झाली. आंघोळीला बसलं की एक पान कानाला गुदगुल्या करायचं.

लाकूड हवंय ही बातमी संध्याकाळपर्यंत इमारतभर झाली. सगळ्यात आधी शंकरराव वर आले. काखेत एक काळाकुट्ट ओंडक्याचा तुकडा.

"ओव्हाळ, लाकूड म्हणजे स्लीपर. बाकी सगळं भुसकट. घ्या."

महेंद्ररावांनी वास घेतला. रुळांखालच्या त्या लाकडात इतकं डांबरी तेल मुरलेलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. "शंकरराव, यानं मुळं जळतील."

"जळतील? अहो, यावरून मेलगाड्या धडधडत गेल्यात जन्मभर. जळला का तो?"

"स्लीपर नाही जळणार, मुळं जळतील."

शंकररावांनी स्लीपर पुन्हा काखेत मारला. त्यानंतर काही दिवस जिन्यात भेटले की त्यांचा 'नमस्कार ओव्हाळ' आकसून नुसता हनुवटीवर आला होता.

साखरबाईंचा सल्ला लाकडापर्यंत पोचलाच नाही. त्यांनी न्हाणीत डोकावून झाड पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अवो मास्तरीणबाई, बांडगूळ हाय ह्ये! आमच्या म्हायारी आंब्याला धरायचं. आबा कोयत्यानं खरडून म्हशीम्होरं टाकायचं. आन् तुमी त्याला बादलीत बशीवून न्हाऊ घालताय व्हय?"

"बांडगूळ नाही हो," महेंद्रराव म्हणाले. "बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं बसतं."

"नुसतं बसतंय? मग खातंय काय?"

"हवा."

साखरबाईंनी झाडाच्या जाड पानांकडे पाहिलं, मग महेंद्ररावांकडे पाहिलं. "हवा खाऊन एवढं थोराड?" असं म्हणून त्या गेल्या त्या थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. पुढं आठवडाभर लोक महेंद्ररावांना 'काय, हवा खातंय का?' असं विचारायचे, आणि विचारताना फार काळजीचा चेहरा करायचे.

शेवटी करुणाबाईंनीच मार्ग काढला. त्यांचे म्हाळूमामा शिरूरजवळ न्हावऱ्याच्या रानात राहत. कांदा, शेवंती आणि बांधावर हरतऱ्हेची झाडं. "मामाकडं जा. लाकूड मिळेल. आणि आंब्याचं बघा, लेखात आंबा लिहिलाय ना?" लेख त्यांनीही वाचला होता तर. महेंद्ररावांना एवढ्यानंही धीर आला.

म्हाळूमामांनी जावयाला आधी पाणी दिलं, मग चहा, मग कांद्याची पात. आणि मग विचारलं, "लाकूड कशाला, पाव्हणं? सरपनाला?"

"नाही मामा. त्यावर झाड लावायचंय."

"लाकडावर झाड?"

"हो. म्हणजे झाड लाकडाला बांधायचं. लाकूड टांगायचं."

मामांनी कांद्याची पात बाजूला सारली. "करुणा बरी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

बांधाकडेला वाऱ्यानं मोडून पडलेली एक फांदी होती. मांडीएवढी जाड, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी लांब, साल अशी भेगाळ आणि खडबडीत की मुळांना धरायला याहून चांगलं काही मिळालं नसतं. महेंद्ररावांनी तिच्यावर थाप मारली. "मामा, हे आंब्याचंच ना?"

नेमकी त्याच वेळी लाईट आली. ज्याची मोटर विहिरीवर आहे त्या माणसाला लाईट आल्यावर दुसरं काही ऐकू येत नाही. मामा धोतर सावरत विहिरीकडे पळता पळता ओरडले, "न्या की! न्या, न्या! मोप पडल्यात!"

महेंद्ररावांनी त्याची होकारार्थी नोंद केली. ओंडका उचलला तर दिसायच्या मानानं अगदी हलका लागला. त्यांना वाटलं, वयाच्या मानानं आपल्यात अजून ताकद आहे. ते तेवढ्यावरच खूश होऊन रस्त्याला लागले.

शिरूर-दौंड गाडीच्या कंडक्टरनं ओंडक्याला दारातच अडवलं. "साहेब, हे बसणार का उभं राहणार?"

"खाली आडवं ठेवतो."

"वाटेत आडवं नको. बाळंतिणी येतात, म्हातारी माणसं येतात." अखेर ओंडका ड्रायव्हरच्या मागच्या बाकाखाली गेला आणि त्याचं एक टोक वाटेतच राहिलं. त्या टोकाला भीमेचा पूल येईपर्यंत निम्म्या गाडीनं ठेच लागून घेतली, आणि ज्यांना ज्यांना लागली त्यांनी त्यांनी मागं वळून मालक कोण ते विचारलं. महेंद्रराव खिडकीतून फार लांबचं काहीतरी बघत होते. पाटसला कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला. गाडी इतका वेळ थांबली की एका म्हातारीनं त्या टोकावर बैठक मारून चंची सोडली. जाताना म्हणाली, "बाबा, बाकापरीस ह्येच बरं हाय."

गावाच्या तोंडाशी जकात नाकं होतं. खरं म्हणजे एसटीतून उतरलेल्या माणसाच्या हातात काय आहे हे तिथं कोणी विचारत नसे. पण महेंद्रराव पडले नियमाचे माणूस. ते ओंडका घेऊन आपण होऊन खिडकीशी गेले. आतल्या कारकुनानं डबा बाजूला सारला.

"काय माल?"

"लाकूड."

"जळाऊ का इमारती?"

"दोन्ही नाही. यावर एक ऑर्किड बसवायचंय. त्याला आधार म्हणून."

"आधार म्हणजे खांब. इमारती."

"खांब नाही. हे लटकणार."

"लटकणारं लाकूड..." कारकुनानं दराच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. तो माणूस खरोखर मनापासून शोधत होता. "पाळणा आहे का? पाळणा फर्निचरमध्ये येतो."

"पाळणा नाही हो. हे त्या झाडाचं घर आहे, असं समजा."

"घर म्हटलं की बांधकाम साहित्य आलं, साहेब. त्याला इंजिनिअरची सही लागते."

मागं टोमॅटोच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न धरला. कारकून खिडकीतून वाकून हळूच म्हणाला, "जळण लिहितो. तुमचाही वेळ वाचेल." आणि महेंद्ररावांच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या लाकडाची 'जळण, नग एक' अशी पावती झाली. ती त्यांनी घडी घालून आतल्या खिशात ठेवली. दुखरी गोष्ट आपण आतल्या खिशातच ठेवतो.

नाक्यापासून घरापर्यंत त्यांनी हातगाडी केली. आता यात त्यांची काय चूक? कपडे पांढरे होते, कारण मामांकडे जायचं म्हणून धुतलेले घातले होते. चेहरा पडलेला होता, कारण जळण. आणि हातगाडीवर लाकूड होतं. गल्लीत शिरताच किराणा दुकानदारानं अर्धं शटर ओढलं. पेपर वाचत बसलेले दोघे उठून मुकाट्यानं हातगाडीमागं चालू लागले. त्यांना बघून आणखी चार निघाले. साखरबाईंना आठवड्यापासून ताप होता हे सगळ्यांना माहीत होतं. "फार सोसलं बिचारीनं," मागून कुणी तरी म्हणालं. "माणूस तोंडानं फटकळ होतं, पण मनानं चांगलं."

हातगाडी इमारतीसमोर थांबली तेव्हा शंकरराव खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले होते. पाठोपाठ बाल्कनीत साखरबाई आल्या. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात औषधाची बाटली.

"अगं बया," त्या खालच्या गर्दीला म्हणाल्या, "कोन गेलं रं?"

शंकररावांनी खांद्यावरचा पंचा हळूच काखेत मारला. "फटकळ कोन म्हनलं मला, त्ये कळंल हां कवातरी," हे त्या नंतर कितीतरी दिवस म्हणत होत्या. म्हणजे बाल्कनीपर्यंत ऐकू गेलं होतं.

असो. झाड लाकडावर चढलं. महेंद्ररावांनी ते कंपनीच्या शिस्तीत बांधलं: खाली काथ्याची गादी, त्यावर झाड, वरून नायलॉनची दोरी, जिथं दोरी पानाला लागेल तिथं जुन्या बनियनच्या पट्ट्या. करुणाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "घट्ट होतंय," एवढंच त्या म्हणाल्या. "घट्टच पाहिजे," महेंद्रराव म्हणाले. मग करुणाबाईंची पाठ वळल्यावर त्यांनी दोरी थोडी सैल केली.

राहिलं टांगणं. बाल्कनीच्या छताला हुक हवा होता, हुकाला भोक हवं होतं, आणि भोकाला शंकरराव. ड्रिल त्यांच्याकडे होतं. स्लीपरचा राग बाजूला ठेवून ते आले, कारण सोसायटीच्या स्लॅबला भोक पडतंय आणि आपण हजर नाही हे त्यांना सोसलं नसतं. "लोड किती?" त्यांनी विचारलं. "हवा खाऊन वाढणार म्हणताय, म्हणजे उद्याचा लोड धरला पाहिजे." त्यांनी छतावर ठोकून ठोकून जागा निवडली. महेंद्रराव स्टुलावर चढले. त्या दिवशी शारजाला मॅच होती आणि इमारतीच्या प्रत्येक खिडकीतून एकच आवाज येत होता. शेवटच्या षटकाला सुरुवात झाली, महेंद्ररावांनी ड्रिल दाबलं, एक ठिणगी उडाली, आणि इमारतीतला तो आवाज एकदम बंद झाला. छतातून गेलेली मेन वायर नेमकी तिथूनच गेली होती.

ती शांतता महेंद्रराव अजून विसरलेले नाहीत. मग वरच्या मजल्यावर एक दार उघडलं, मग दुसरं, आणि जिन्यात चपला वाजू लागल्या.

"जागा मी नव्हती दाखवली," शंकरराव हळू आवाजात म्हणाले आणि ड्रिल पंच्यात गुंडाळून मागच्या मागं खाली गेले.

वायर दुरुस्त झाली, ओंडका शेवटी ग्रिलला साखळीनं लटकवला गेला. मॅच जिंकली होती हे दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं, पण पेपरात कळलेला विजय हा विजय नसतो, असं सगळ्यांचं मत पडलं. आणि आता पाण्याचा प्रश्न आला. कुंडीत ओल टिकते; लाकडावर टिकत नाही. दौंडच्या चैत्रात तर सकाळी शिंपडलेलं पाणी चहा होईपर्यंत उडून जायचं. महेंद्ररावांनी मामांकडून फवारणीचा पाठीवरचा पंप आणला. ड्यूटीला जाताना, आल्यावर आणि मध्ये आठवण होईल तेव्हा ते पंप पाठीला लावून बाल्कनीत उभे राहायचे. खालच्या अंगणात शंकररावांच्या मंडळींनी गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. वाळत आलेली कुरडई भिजली की तिचं पुन्हा पीठही होत नाही आणि कुरडईही राहत नाही. ते जे काही झालं होतं ते ताटात घालून त्या माऊलीनं ओव्हाळांच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं.

संध्याकाळी शंकरराव सेक्रेटरी म्हणून आले. सेक्रेटरी म्हणून आले की ते चप्पल काढत नसत. "ओव्हाळ, ते लाकूड उतरवा. पुढच्या रविवारपर्यंत. सर्वांचं मत आहे."

महेंद्ररावांनी करुणाबाईंकडे पाहिलं. त्या वह्या तपासत होत्या आणि एकाच पानावर फार वेळ अडल्या होत्या. झाडाची खालची पानं सुरकुतली होती. ते दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही एकमेकांना सांगत नव्हती.

आणि त्या आठवड्यात, पंप मारता मारता, महेंद्ररावांना एक हिरवा ठिपका दिसला. लाकूड आणि झाड जिथं भेटत होतं त्याच्या जरा वर. दुसऱ्या दिवशी तो तांदळाएवढा झाला, तिसऱ्या दिवशी त्याला टोक आलं. तुरा! महेंद्रराव इतके दिवस गप्प होते, पण आता त्यांना राहवेना. जिन्यात सांगितलं, कंपनीच्या बसमध्ये सांगितलं, शंकररावांना तर मुद्दाम हाक मारून सांगितलं. रविवारी सकाळी सगळ्यांना चहाला बोलावलं. ओंडका उतरवायच्या मुदतीचाही तोच रविवार होता. करुणाबाईंनी ठिपक्याकडे दोनदा वाकून पाहिलं, काहीतरी म्हणणार होत्या, पण नवऱ्याचा चेहरा पाहून चहाचं आधण वाढवलं.

रविवारी माणसं बाल्कनीत दाटली. महेंद्ररावांनी मुळांना हवा लागते इथपासून सुरुवात केली आणि मग एखाद्या पाटीवरचा पडदा सरकवावा तसं ओंडक्यावरचं ओलं गोणपाट बाजूला केलं. रात्रीतून ठिपक्याची फांदी झाली होती. तिच्यावर नाजूक, गोल गोल, पोपटी पानांच्या जोड्या होत्या. खाली आणखी तशाच दोन, आणि पलीकडच्या बाजूला एक.

ती पानं ओळखत नाही असा माणूस त्या बाल्कनीत नव्हता. दूध घालायला आलेल्या दूधवाल्यानंसुद्धा ओळखली.

"ओव्हाळ," शंकरराव फार जपून म्हणाले, "हा शेवगा आहे."

"आंबा आहे तो," महेंद्रराव म्हणाले. पण त्यांचा आवाज 'आं' वरच बसला.

मग करुणाबाई हसल्या. कुंडी फुटल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं, त्यामुळे ते सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. त्या हसता हसता भिंतीला टेकल्या, चहाचा ट्रे दूधवाल्यानं धरला. साखरबाई हसल्या, शंकररावांच्या मंडळी हसल्या. महेंद्रराव मध्ये उभे होते. हसावं की चिडावं ते ठरत नव्हतं, आणि ठरेपर्यंत तेही हसले.

साखरबाईंनी ओंडक्याला प्रदक्षिणा घातली. "आन् उलटा टांगलाय की ओ! बुडखा वर, शेंडा खाली. कोंब बघा कसं वळून वर निघाल्यात." शंकरराव म्हणाले, "बिचाऱ्याला शीर्षासनात ठेवलंत तरी फुटला. हा माणूस असता तर रेल्वेत घेतला असता."

आता ओंडका उतरवा असं कोण म्हणणार? जिवंत शेवग्याला दारातून हाकलणारी सोसायटी दौंड तालुक्यात सापडायची नाही. शेवग्याच्या शेंगांची आमटी हा शंकररावांचा हळवा कोपरा होता. तिथंच, चप्पल काढून, सेक्रेटरींनी निर्णय दिला: पाण्याच्या टाकीशेजारी मोकळी जागा आहे, तिथं लावा. खड्डा ते स्वतः घेणार.

मात्र ओंडका सुलटा करायचा तर ऑर्किड उलटं होणार. महेंद्ररावांनी दोरीला हात घातला. "थांबा," करुणाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, खड्ड्याशेजारी मांडी घातली, एकेक गाठ सोडली. ऑर्किड मांडीवर घेतलं, वाळकी मुळं कात्रीनं काढली आणि आपल्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्यांनी ते शेवग्याच्या खोडाला नव्यानं बांधलं. महेंद्रराव कात्री आणि पट्ट्या देत राहिले. मुळांना काय लागतं याविषयी ते काही बोलले नाहीत.

पण वैशाख अजून पुढंच होता, आणि कोवळ्या शेवग्याची सावली ती केवढी? ऊन चढू लागलं तशी पानं पिवळी पडत गेली. तुऱ्याचा तर प्रश्नच नव्हता. झाड राहतंय की नाही एवढाच प्रश्न होता. एक दिवस करुणाबाई भर दुपारी रिक्षातून उतरल्या तर टाकीजवळ महेंद्रराव उभे. पायात कंपनीचे बूट, डोक्यावर ओला रुमाल, आणि छत्री आपल्या डोक्यावर न धरता ऑर्किडवर धरलेली. शेकून तोंड लाल झालेलं.

"हे काय?"

"दुसऱ्या पाळीला जायचंय. बस यायला वेळ आहे."

"कधीपासून उभे आहात?"

महेंद्ररावांनी छत्रीचा हात बदलला. नंतर म्हणाले, "करुणा, चूक झाली. लाकूड आधी आणायला पाहिजे होतं."

करुणाबाईंनी वाकून एक पट्टी जरा सरकवली आणि तशाच वाकून राहिल्या. "इकडे या. इथं बघा."

एका जुन्या, मेल्यासारख्या दिसणाऱ्या मुळाच्या टोकाला हिरवंगार, ओलसर, नखाएवढं टोक फुटलं होतं. आणि ते हवेत नव्हतं. शेवग्याच्या सालीच्या भेगेत शिरून चिकटलं होतं. करुणाबाईंनी बोटानं हळूच हलवून पाहिलं. हललं नाही.

"धरलंय," त्या म्हणाल्या.

कंपनीची बस रस्त्यावर हॉर्न वाजवत होती. महेंद्ररावांनी छत्री त्यांच्या हातात दिली आणि धावत सुटले. थोडं पुढं जाऊन वळून ओरडले, "हलवू नका त्याला!"

पुढं पाऊसकाळ आला, शेवगा पहिल्या मजल्याला भिडला, हिवाळ्यात त्याला शेंगाही लागल्या. सोसायटीतली बायामाणसं पाल्याला, शेंगांना येऊ लागली. खाली वाकलेली ऑर्किडची ती जाड पानं बाजूला सारून, जपून. साखरबाई सांजसकाळ तांब्या घेऊन जायच्या. पाणी शेवग्याला घालते म्हणायच्या, पण तांब्या रिकामा व्हायचा तो वरच्या झाडावर.

दुसऱ्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेला सकाळी विहारात कार्यक्रम होता. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट घालून माणसं गल्लीतून निघाली होती आणि निघालेला प्रत्येक माणूस टाकीजवळ थांबत होता. शेवग्याच्या खोडावरून दोन तुरे लोंबत होते. हातभर लांब, पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके, इतके दाट की देठ दिसत नव्हता. करुणाबाईंबरोबर त्यांच्या शाळेत नव्यानं आलेल्या राजश्रीबाई होत्या. त्यांनी बोट लावायला हात पुढं केला आणि लावलाच नाही.

"किती सुंदर! कुणी लावलं हे?"

"खड्डा मी घेतला," शंकरराव तळमजल्याच्या खिडकीतून म्हणाले.

"पानी म्या घातलं. रोज," साखरबाई म्हणाल्या.

महेंद्ररावांनी घसा साफ केला. या दिवसासाठी त्यांच्याकडं बरंच तयार होतं. माती, हवा, आर्द्रता, सालीचा पोत, सगळं मुद्देसूद.

"आमच्या ह्यांनी लावलं," करुणाबाई म्हणाल्या. "फार केलं त्यांनी याचं."

महेंद्ररावांचे सगळे मुद्दे तसेच राहून गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चला, चला, उशीर होतोय," असं मोठ्यानं म्हणून ते सगळ्यांच्या पुढं ताडताड चालू लागले. चांगले कोपऱ्यापर्यंत गेले.

"अहो," मागून करुणाबाईंनी हाक मारली, "ते स्टेशन. विहार इकडं."